कॉम्प्युटरमधला फेरफार



आज आम्ही बोलणार आहोत 'गिट' नावाच्या एका गोष्टीवर. नाव परकं आहे म्हणून रेडिओ बंद करू नका. तुमच्यातल्या पुष्कळ जणींच्या मुली आणि सुना पाचोऱ्याला, चाळीसगावला, जळगावला कॉम्प्युटरचं शिकायला जातात. संध्याकाळी फोनवर त्यांचं बोलणं कानावर पडतं. 'कमिट केलं का?' 'माझ्या ब्रँचवर आहे.' 'मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला.' घरातल्या बाईला वाटतं, हे आपल्या डोक्यावरून जाणारं आहे. आम्हालाही मुलींनीच शिकवलं, आणि शिकताना लक्षात आलं की यातली निम्मी अक्कल तलाठी आप्पांच्या दप्तरात फार आधीपासून आहे आणि उरलेली बरीचशी बचत गटाच्या वहीत. म्हणून सुरुवात दप्तरापासूनच करतो.

शेताचा सातबारा सगळ्यांनी पाहिलेला आहे. आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते त्यावर असतं. पण नावाच्या जवळ बारीक आकडेही असतात. जुन्या हाती लिहिलेल्या उताऱ्यावर ते गोलात असत, आताच्या छापील उताऱ्यावर कंसात असतात. पुष्कळ जणी तिकडे बघतच नाहीत. तो आकडा फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर घेऊन गेलं की गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, बोलायला लागते. अमुक तारखेला अमुक मयत झाले म्हणून वारसांची नावं लागली. अमुक साली खरेदीखत झालं. सोसायटीचं कर्ज फिटलं म्हणून बोजा उतरला. सातबारा सांगतो आज काय आहे. ते असं कसं झालं, हे फेरफार सांगतो.

आणि जुनं नाव कमी झालं तरी ते रबराने पुसत नाहीत, त्याला कंस करतात. नाव तिथे दिसत राहतं, फक्त त्याचा अंमल संपलेला असतो. नवी नोंदही एकदम पक्की होत नाही. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर ती आधी पेन्सिलने घ्यायचे. मग चावडीवर नोटीस लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवतात, हरकतीसाठी पंधरा दिवस देतात. कुणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत जाते. हरकत नसेल किंवा तिचा निकाल लागला, की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि पेन्सिलीवर शाई चढते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, यातल्या कलम १५० मध्ये ही सगळी रीत आहे. आता काम ई-फेरफारवर होतं आणि नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते, पण रीत तीच.

बचत गटाच्या वहीचंही तसंच. आकडा चुकला तर त्यावर गिरवायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. ऑडिटवाले व्हाइटनर बघितला की तिथेच बोट ठेवतात, आणि ते बरोबर करतात. पांढऱ्या डागाखाली काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

आता कॉम्प्युटरकडे या. मोबाईलमधलं बँकेचं अ‍ॅप, एसटी कंडक्टरचं तिकिटाचं मशीन, रेशन दुकानातलं अंगठा लावायचं मशीन, या सगळ्यांच्या पोटात प्रोग्रॅम असतो. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच, ओळीखाली ओळ. मोठ्या कामात अशा हजारो, लाखो ओळी असतात आणि त्या एक माणूस लिहीत नाही. दहा जण, शंभर जण एकाच मजकुरात हात घालतात. एकाने केलेला बदल दुसऱ्याने न बघता बुजवला तर? काल चालत होतं ते आज बंद पडलं, आणि कुणी काय बदललं ते कुणालाच आठवत नाही, तर? या प्रश्नावर जे उत्तर निघालं त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. पुस्तकात 'आवृत्ती नियंत्रण' असा शब्द सापडेल, बोलताना कुणी तो वापरत नाही. गिट हे व्हर्जन कंट्रोलचं आज सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन आहे. ते फुकट आहे.

हा प्रश्न कॉम्प्युटरने आणलेला नाही. वारी करणाऱ्या घरांत ज्ञानेश्वरीची गोष्ट माहीत असते. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. छापखाने नव्हते, पोथ्या हाताने उतरवायच्या. उतरवणाऱ्याकडून कुठे शब्द गळला, कुठे नवा शिरला. एकनाथ महाराजांच्या काळापर्यंत पोथ्यापोथ्यांत फरक पडला होता. नाथांनी त्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध केलेली प्रत सिद्ध केली. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं गेली होती. कोणत्या ओवीत कुणी, कधी आणि का बदल केला, याची वही कुणी ठेवलेली नव्हती. नुसत्या पोथ्या समोर ठेवून हे काम करायचं म्हणजे काय कष्ट, याची कल्पना गिट शिकल्यावर जास्त येते.

गिटची स्वतःची गोष्ट अलीकडची आहे. लिनक्स नावाची एक मोठी प्रणाली आहे, तुमच्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी तीच आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या तरुणाने १९९१ मध्ये ती सुरू केली आणि जगभरचे लोक तिच्यात भर घालू लागले. बरीच वर्षं हे बदल ईमेलने यायचे आणि तो ते एकेक करून लावायचा. मग काही वर्षं एका कंपनीचं साधन वापरलं. त्या साधनाची फुकट वापरायची मुभा २००५ मध्ये संपली. तेव्हा टोरवाल्ड्सने स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं, आणि ७ एप्रिल २००५ ला गिटचा पहिला बदल गिटमध्येच नोंदवला गेला. काही दिवसांचं काम होतं ते. त्याच वर्षी जुलैत त्याने गिट जुनिओ हमानो या जपानी माणसाकडे सोपवलं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांनीच ते सांभाळलं. 'गिट' ही इंग्लंडातली एक सौम्य शिवी आहे, खडूस माणसाला देतात. नाव तसंच राहिलं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आम्ही हुकूम मराठीत सांगतो, कॉम्प्युटरवर ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे असतात. मुलगी जवळ असेल तर तिला विचारत ऐका.

सगळ्यात पहिली गोष्ट नाव. गिट बसवल्यावर ते विचारतं, तुझं नाव काय आणि ईमेल काय. हुकूम आहे 'गिट कॉन्फिग', त्यात 'युजर डॉट नेम' आणि 'युजर डॉट ईमेल'. एकदा सांगितलं की पुढच्या प्रत्येक नोंदीवर गिट तेच नाव लावतं. माणूस खरंच तोच आहे का, हे ते तपासत नाही. लिहाल ते नाव.

इथे आपल्या घरांची अडचण सुरू होते. आपल्याकडे लॅपटॉप घरात एक असतो आणि तो बहुतेक वेळा मुलासाठी घेतलेला असतो. गिट त्याने बसवलं, नाव त्याचं टाकलं. मग बहीण त्याच लॅपटॉपवर बसून आपलं काम करते आणि प्रत्येक नोंद भावाच्या नावावर चढते. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. चार मुलींचा मिळून प्रोजेक्ट होता, त्यातली एक रात्र रात्र बसून काम करायची. सरांनी नोंदींची यादी उघडली तर तिचं नाव कुठेच नाही, आणि पाचवंच कुणी मुलाचं नाव निम्म्या कामावर. 'हा कोण?' सरांनी विचारलं. हा तिचा भाऊ, आणि तो फार्मसीला. त्याला यातलं काही ठाऊकही नव्हतं, बिचाऱ्याने काही लबाडी केली नव्हती. तिने खुलासा दिला, मैत्रिणींनी साक्ष दिली, गुण मिळाले. पण मैत्रिणी बोलल्या नसत्या तर?

आपल्याला यात नवं काय आहे? शेतात राबायचं एकीने आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपण बघत आलो. जाता जाता सांगतो, गिट निघालं त्याच २००५ साली, ९ सप्टेंबरपासून, देशभर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला. महाराष्ट्राने त्याआधीच १९९४ मध्ये त्या दिशेने कायदा बदलला होता. कायदा झाला म्हणून नाव आपोआप लागत नाही. वारसनोंदीच्या वेळी ते लावून घ्यावं लागतं. गिटमध्येही लावूनच घ्यावं लागतं, फक्त इथे पंधरा दिवसांची नोटीसही नसते. म्हणून पहिल्या नोंदीच्या आधी बघायचं.

उपाय सोपा आहे. लॅपटॉपवर दोघांची खाती वेगळी करा, म्हणजे चालू करताना ती आपल्या खात्यातून आत जाईल आणि तिचं नाव तिथे राहील. ते जमत नसेल तर प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन वेगळं नाव लावता येतं. 'गिट कॉन्फिग'मध्ये 'ग्लोबल' हा शब्द घातला तर नाव सगळ्या कामांना लागतं, न घातला तर त्या एका फोल्डरपुरतं. एवढा एक शब्द मुलीला माहीत असला म्हणजे झालं. ईमेलचंही ध्यानात ठेवा. काम सगळ्यांना उघडं असेल तर प्रत्येक नोंदीवरचा ईमेल कुणालाही दिसतो. ज्या गिटहब नावाच्या ठिकाणी लोक असं काम ठेवतात, तिथे खरा ईमेल झाकून त्यांचाच एक पत्ता वापरायची सोय आहे. मुलींनी ती वापरावी, असं आमचं मत आहे.

नाव झालं, आता नोंद. ज्या फोल्डरमध्ये काम आहे तिथे एकदाच 'गिट इनिट' म्हणायचं, म्हणजे कोरी फेरफार वही उघडली. मग फाइलमध्ये काम करायचं. नोंदवण्याजोगं काही झालं की 'गिट अ‍ॅड', म्हणजे या नोंदीत काय काय घ्यायचं ते निवडणं. आणि मग 'गिट कमिट', म्हणजे नोंद पक्की. प्रत्येक कमिटला आपोआप एक लांबलचक नंबर मिळतो, तारीख आणि वेळ लागते, नाव लागतं. राहिलं कारण, ते आपण एका ओळीत लिहायचं.

या कारणाच्या ओळीत सगळे आळस करतात. 'बदल केला', 'दुरुस्ती', 'नवीन', 'परत नवीन'. फेरफारावर आप्पांनी नुसतं 'बदल केला' लिहिलं तर आपण ऐकून घेऊ का? तिथे 'मयत झाल्याने वारस', 'नोंदणीकृत खरेदीखताने' असं लिहावं लागतं. तसंच इथे लिहावं. 'व्याज महिन्याऐवजी दिवसावर मोजलं जात होतं ते सुधारलं' अशी ओळ सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला उपयोगी पडते, आणि सहा महिन्यांनी वाचणारी बहुतेक वेळा आपणच असतो. मराठीत लिहिलेलं चालतं, गिटला भाषेचं वावडं नाही.

नोंदी बघायला 'गिट लॉग', ही झाली फेरफार वही. कालच्यात आणि आजच्यात नेमका काय फरक पडला ते बघायला 'गिट डिफ'. गेलेली ओळ वजा चिन्हाने दाखवतं आणि आलेली अधिक चिन्हाने, बहुधा लाल आणि हिरव्या रंगात. आणि 'गिट ब्लेम' असाही एक हुकूम आहे. फाइलमधल्या प्रत्येक ओळीशेजारी तो नाव आणि तारीख दाखवतो, ही ओळ शेवटी कुणी लिहिली ते. सातबाऱ्यावरच्या कंसातल्या आकड्याचंच काम. नाव मात्र 'दोष देणे' असं ठेवलं आहे, ते आम्हाला पटलं नाही. ज्याने ओळ लिहिली त्यालाच विचारावं लागतं, एवढाच त्याचा उपयोग.

हे सगळं कॉम्प्युटरशिवाय बघायचं असेल तर मोबाईलवर मराठी विकिपीडिया उघडा. हा ज्ञानकोश १ मे २००३ पासून मराठीत आहे आणि तो लोकांनीच लिहिलेला आहे. भडगाव तालुक्यावरचा लेख काढा, किंवा बहिणाबाई चौधरींवरचा, आणि त्याचा इतिहास बघा. प्रत्येक बदल, त्याची तारीख, करणाऱ्याचं नाव, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, सगळं ओळीने सापडेल. कुणी खोडसाळपणे मजकूर उडवला तर दुसरं कुणी दोन मिनिटांत जुना परत आणतं. विकिपीडिया गिटवर चालत नाही, त्याची स्वतःची पद्धत आहे, पण तत्त्व हेच. बहिणाबाईंचं नाव आलंच आहे तर, त्यांना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी जी गाणी कागदावर घेतली ती राहिली, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जी कुणी टिपली नाहीत ती गेली.

आता ब्रँच. ब्रँच म्हणजे फांदी. उन्हाळ्यात आपण ज्वारीचे बिबडे करतो. गटाची ऑर्डर असते, चव ठरलेली असते. त्यात एकीला वाटलं, तिखट कमी करून तीळ वाढवून बघू. ती सगळ्या घाट्यात प्रयोग करत नाही. थोडा घाटा वेगळ्या पातेल्यात काढते, त्यात करते, वाळवते, तळून चार जणींना खायला देते. आवडले तर पुढच्या वेळी सगळे तसे. नाही आवडले तर पातेलं धुऊन टाकलं, मूळ घाट्याला धक्का नाही. गिटमध्ये हे वेगळं पातेलं म्हणजे ब्रँच, आणि आवडल्यावर मूळ कामात मिसळणं म्हणजे मर्ज. मूळ फांदीला बहुतेक ठिकाणी 'मेन' म्हणतात, जुन्या कामांत 'मास्टर' दिसेल.

मिसळण्याआधी विचारायची रीत पुष्कळ ठिकाणी असते. गिटहबवर तिला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. ही अगदी चावडीवरची नोटीस आहे. माझ्या फांदीवर मी हे हे बदल केले, ते मुख्य कामात घ्यावेत, कुणाला हरकत असेल तर बोला. बाकीचे ओळीओळीवर शेरे मारतात, शंका विचारतात, सुधारायला सांगतात. मग ज्याच्याकडे अधिकार आहे तो मर्ज करतो, पेन्सिलीवर शाई चढते. फरक एवढा की मंडळ अधिकारी कायद्याने ठरतो, इथे कामाचे मालक आपसांत ठरवतात. मुलींना आमचं सांगणं असतं, की पुल रिक्वेस्टवर कुणी दहा शेरे मारले तर रडू नका. शेरे कामावर असतात.

कॉन्फ्लिक्टला शिकणाऱ्या मुली सगळ्यात जास्त घाबरतात. समजा भावाच्या यादीत उडदाच्या पापडाचा दर ३२० लिहिला आहे. एकीने आपल्या फांदीवर तो ३४० केला. दुसरीने आपल्या फांदीवर त्याच ओळीत ३६० केला. दोघींचं काम एकत्र करायची वेळ आली. वेगवेगळ्या ओळी असत्या तर गिटने गुपचूप दोन्ही घेतल्या असत्या. पण ओळ एकच आहे. अशा वेळी गिट थांबतं. मोठीचं घेत नाही, शेवटी आलेलीचं घेत नाही, सरासरी काढून ३५० ही करत नाही. दोन्ही दर फाइलमध्ये एकाखाली एक लिहितं, वर आणि खाली बाणांची ओळ घालतं, मध्ये बरोबरच्या चिन्हांची ओळ घालतं आणि म्हणतं, तुमचं तुम्ही ठरवा. मग दोघींनी बोलायचं, एक दर ठेवायचा, बाण आणि चिन्हं काढून टाकायची आणि कमिट करायचं. भांडण वगैरे काही नाही. आम्हाला विचाराल तर गिटच्या सगळ्या गुणांत हा मोठा. कितीतरी ठिकाणी दोन माणसांचं न जुळणारं बोलणं तिसराच परस्पर मिटवून टाकतो आणि आपल्याला महिन्याने कळतं.

एकत्र काम करायला प्रत्येकीकडे कामाची प्रत लागते. दुसऱ्याचं काम पहिल्यांदा आपल्याकडे आणणं म्हणजे 'क्लोन'. आपल्या नोंदी सामाईक ठिकाणी पाठवणं म्हणजे 'पुश'. दुसऱ्यांच्या नोंदी आपल्याकडे ओढणं म्हणजे 'पुल'. कामाला बसताना आधी पुल आणि उठताना पुश, ही सवय लागली तर निम्मे कॉन्फ्लिक्ट होतच नाहीत.

आणि इथे गिट दप्तराच्याही पुढे जातं. दप्तर एका ठिकाणी असायचं. भिजलं, वाळवी लागली, की गेलं. गिटमधल्या क्लोनमध्ये नुसता आजचा मजकूर येत नाही, पहिल्या दिवसापासूनची सगळी नोंदवही येते. पाच जणी काम करत असतील तर पाच ठिकाणी पूर्ण वही. एकीचा लॅपटॉप बंद पडला तर दुसरीकडून घ्यायची. शिवाय कमिट करायला इंटरनेट लागत नाही. आपल्याकडे मळ्यात राहणाऱ्या घरांत रेंज येते आणि जाते, त्यांना हे फार सोयीचं आहे. रात्री घरी बसून दहा कमिट करा, सकाळी गावात आलं की पुश करा. तारीख आणि वेळ ज्या त्या वेळचीच राहते. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवर टरमक्स नावाचं अ‍ॅप घालून त्यात गिट चालवता येतं. बारीक कीबोर्डवर बोटं दुखतात, पण चालतं.

आता सावध करायचं आहे, ते नीट ऐका. गिट विसरत नाही हा त्याचा गुण, आणि तोच धोका. गटाच्या बायकांची यादी आहे, त्यात आधार नंबर आहेत, बँकेचे खाते नंबर आहेत. कुणी ती फाइल चुकून कमिट करून उघड्या जागी पुश केली. नंतर लक्षात आलं आणि फाइल काढून टाकली, परत कमिट केलं. आता फाइल दिसत नाही. पण ती गेलेली नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच आहे, कंस केलेल्या नावासारखी, आणि ज्याला बघता येतं तो बघू शकतो. जुनी वहीच नव्याने लिहिण्याचे उपाय आहेत, पण ज्यांनी मधल्या काळात क्लोन घेतला त्यांच्याकडे ती राहिलीच. पासवर्ड गेला असेल तर तो त्याच मिनिटाला बदलायचा, पुसत बसायचं नाही. आधार नंबर मात्र बदलता येत नाही. म्हणून असलं काही त्या फोल्डरमध्ये ठेवायचंच नाही. ठेवावंच लागलं तर 'गिटइग्नोअर' नावाच्या फाइलीत त्याचं नाव आधीच लिहायचं, म्हणजे गिट त्याकडे बघत नाही. आणि गिटहबवर काम ठेवताना ते उघडं आहे की खासगी, हे दोनदा वाचायचं.

त्यामुळे कुणी विचारलं, गटाचा हिशोबच गिटवर ठेवू का, तर आमचं उत्तर नाही असं आहे. हिशोबाच्या वह्या आहेत, त्यांचे नियम आहेत, ऑडिट त्यांचंच होतं. शिवाय गिटला साधा मजकूर चांगला समजतो. फोटो, व्हिडिओ, एक्सेलची फाइल ते साठवतं, पण आत काय बदललं ते ओळीओळीने दाखवू शकत नाही. सरावाला दुसरं पुष्कळ आहे. मालाची दरयादी, बिबडे आणि पापडाचं प्रमाण, मेळाव्यासाठी लिहायचं भाषण, ठरावाचा कच्चा मसुदा. चार जणींनी मिळून अशी एक फाइल महिनाभर गिटवर चालवली की कॉलेजातल्या मुलीला जे कळतं ते तुम्हालाही कळतं.

मुलींसाठी पुढची वाट मोठी आहे. कितीतरी काम गिटहबवर उघडं पडलेलं असतं. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला 'मुक्ता' हा देवनागरी टाइप तिथे आहे. मराठीत चालणाऱ्या मोफत प्रोग्रॅमच्या भाषांतराच्या फाइली अशाच साधनांतून सांभाळल्या जातात, आणि त्यात मराठीच्या चुका सापडतात. शुद्धलेखनाची एक चूक सुधारून पाठवायला इंजिनिअर असावं लागत नाही. नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी दाखवलेली असतात, त्यावर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी असते. घेतलेला बदल त्या मुलीच्या नावाने त्या कामाच्या नोंदवहीत राहतो. उद्या नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर तिला सांगता येतं, हे बघा, ही तारीख, हे काम, हे नाव.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की घरातल्या लॅपटॉपजवळ बसा आणि पोरीला म्हणा, 'व माय, गिट कॉन्फिग युजर डॉट नेम एवढं टाइप कर आणि एंटर दाब.' एक ओळ येईल, त्यात एक नाव असेल. ते कुणाचं आहे ते वाचा. वेगळं असलं तर तिथल्या तिथे बदलून घ्या, आणि पोराचं काम असेल तेव्हा त्याचं नाव लागेल अशी त्याचीही सोय करा.